उत्तरार्धाची कसोटी

अमेरिकेत पुरुषांचा महाविद्यालयीन बास्केटबॉल सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. मार्च २०१२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत, डेटन येथे, आयोना महाविद्यालयाचा संघ ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध एका टप्प्यावर २५ गुणांनी पुढे होता. पूर्वार्धात त्याने ५५ गुण मिळवले, उत्तरार्धात अवघे १७. सामना ७८-७२ असा हातचा गेला.

असे का होते? वेगाने खेळणाऱ्यांचे पाय थकतात आणि पाय थकले की नेम ढळतो. प्रतिस्पर्धी मध्यंतरात बचावाची रचना बदलतो. आघाडीवरचा संघ मात्र जुन्याच डावावर विसंबतो. आघाडी हीच प्रमादाची पहिली पायरी ठरते. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, तो याचसाठी : तार अति ताणू नये, सैलही सोडू नये.

परंतु केवळ खेळाडूंना दोष देणे अन्यायाचे होईल. दमलेल्याच्या जागी उतरणारी राखीव फळी भक्कम नसेल, तर एकटी जिद्द किती पुरणार?

आपली मुले दहावीचा पूर्वार्ध जिंकतात. त्यांचा आपण सत्कारही करतो. पुढे शहरातील महाविद्यालयात काहींचे पाऊल अडखळते. तेथे बुद्धी नव्हे, पाठबळ कमी पडते. माजी विद्यार्थ्यांनो, खोलीचे भाडे, एखादे पुस्तक, अडल्या वेळी आपुलकीचा एक फोन, एवढ्यानेही डाव सावरतो. त्यांची राखीव फळी आपणच व्हायला हवे.