चांदबीबीच्या डोंगरावर धावायला चला

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांनी मला सकाळी बूट घालून बाहेर पडताना पाहिलं आणि विचारलं, “कायकू भागती गे रोज? पीछे कौन लगा तेरे?” मी म्हटलं, “शुगर लगी है, खाला.” त्यांनी लगेच मान हलवली, दुआ दिली आणि आत गेल्या.

हे उत्तर सगळ्यांना पटतं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की विषय संपतो. चार वर्षांपूर्वी माझ्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 8.1 आला आणि मी चालायला लागले, हे खरंच आहे. पण आता मी साखरेसाठी धावत नाही. मला आवडतं म्हणून धावते. हे मात्र मी खालांना अजून सांगू शकलेले नाही. आमच्यात बाईला घराबाहेर मोकळं धावायचं असेल तर आधी एखादा आजार लागतो. पुरुषाला लागत नाही. तो क्रिकेट खेळतो, पोहायला जातो, काहीच नाही तर चौकात बसतो, आणि त्याला कुणी कारण विचारत नाही.

ओळखीचे काही लोक म्हणतात, धावायचंच आहे तर घरात ट्रेडमिल घ्या, नाहीतर बायकांच्या जिममध्ये जा. मला ते पटत नाही. आपण नगरमध्ये राहतो (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीत बसल्यावर अजून सगळे “एक नगर” असंच तिकीट मागतात). या शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला अर्ध्या तासावर डोंगर आहेत. डांबरी रस्त्यावर ट्रकच्या धुरात धावण्यापेक्षा मातीच्या पायवाटेवर धावणं गुडघ्यांना सोपं जातं आणि फुकट आहे. याला आता ट्रेल रनिंग म्हणतात. पुण्या-मुंबईची माणसं त्यासाठी पैसे भरून सह्याद्रीत येतात, सिंहगड-राजगड-तोरणा अशी लांब शर्यतही होते. आपल्या दाराशी असलेल्या डोंगरावर मात्र आपण वर्षातून एकदा जातो, तेही बिर्याणीचं पातेलं घेऊन.

पातेल्याला माझा विरोध नाही. पण पातेलं वर न्यायला गाडी लागते, आणि गाडीतून गेलं की डोंगर दिसतच नाही.

पाथर्डी रस्त्यावर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर शाह डोंगर आहे. त्यावरच्या तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारतीला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. खरं तर ती मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. 1595-96 च्या वेढ्यात शहजादा मुरादच्या मोगल फौजेने सुरुंग लावून किल्ल्याची भिंत पाडली, तेव्हा तोंडावर नकाब आणि हातात तलवार घेऊन ती खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी करून घेतली, असं फरिश्ता लिहितो. लोकांनी वजिराला विसरून तिचं नाव डोंगराला दिलं, याचा मला आनंदच आहे. अडचण एवढीच की बाईच्या नावाच्या या डोंगरावर सकाळी सात वाजता एकही बाई नसते. मी आणि माझी एक सहकारी सोडून.

धावायला ही जागा उत्तम आहे. माथा शहरापेक्षा सुमारे नऊशे फूट उंच. वर जाणारी वळणाची सडक आहे. नव्या माणसाने पहिले दोन महिने तिच्यावरूनच चालत चढावं आणि सपाटी आली की हळू पळावं. चढावर धावण्याचा हट्ट मी केला होता आणि तिसऱ्या वळणावर बसून घेतलं होतं. सवय झाली की झाडीतल्या पायवाटा घ्याव्यात. मुरमाची जमीन आहे, पाऊस पडून गेला तरी दुसऱ्या दिवशी पाय रुततो तेवढाच. खालच्या काळ्या रानात उलट होतं, प्रत्येक बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि माणूस हत्तीसारखा चालायला लागतो. उतारावर घसारा आहे, तिथे लांब ढांग टाकायची नाही, छोटी पावलं टाकायची. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं सलवारीत घुसतात आणि धुऊनही निघत नाहीत. मी आता जाड ट्रॅक पँट, वर गुडघ्यापर्यंत कुर्ता आणि डोक्याला सुती ओढणी घट्ट बांधून जाते. त्यात काही अडत नाही.

दुसरी जागा डोंगरगण. वांबोरीच्या बाजूला, शहरापासून सतरा-अठरा किलोमीटर. इंग्रज अधिकारी तिथल्या दरीला हॅपी व्हॅली म्हणत. पावसाळ्यात ओढा वाहतो, रामेश्वराचं मंदिर आहे, आणि वर मांजरसुंब्याचा किल्ला, त्यावर निजामशाही काळातले हौद आणि पडक्या भिंती. गोरक्षनाथगडही जवळच. दरीतून किल्ल्यावर जाणारी वाट धावण्यापेक्षा चढण्याची आहे, पण माथ्याचं पठार मोकळं आहे आणि तिथे पाय आपोआप सुटतात. भादव्यात वाऱ्याने गवत एका बाजूला झोपतं तेव्हा मी तिथे तासभर गोल गोल फिरले आहे, अंतर मोजलंच नाही.

ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी पिंपळगाव माळवी किंवा कापूरवाडीच्या तलावाजवळचे कच्चे रस्ते आहेत. कापूरवाडीच्या बाजूने निजामशाहीत खापरी नळाने शहराला पाणी येत असे, तेव्हा शहर आणि हा माळ यांचं नातं जुनंच आहे. अरणगावच्या मेहेराबादकडचा माळही चांगला, फक्त तिथे लोक शांततेसाठी येतात, टोळक्याने आरडाओरडा करत जाऊ नये. किल्ल्याभोवतीचा फेरा सपाट आहे, चालणाऱ्यांची वर्दळ असते, पण तो काही डोंगर नव्हे. शिवाय तिथे माझा वेग पडतो. मौलाना आझादांना 1942 मध्ये याच किल्ल्यात कैद करून आणलं आणि ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं त्यांनी इथेच लिहिली. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला ती भिंत बघत राहावीशी वाटते.

लष्कराच्या हद्दीत मात्र घुसू नका. के. के. रेंजमध्ये खरा गोळीबार होतो, पाटी दिसली की मागे फिरायचं. आणि जिल्ह्यात बिबट्यांचा वावर वाढला आहे, त्यामुळे अंधारात, एकट्याने, ऊस किंवा दाट झाडी असलेल्या बाजूला जाऊ नये. फज्र घरी पढून, चहा घेऊन, चांगलं उजाडल्यावर निघावं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझी एक विद्यार्थिनी पोलीस भरतीला गेली होती. अभ्यासात हुशार, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मैदानी चाचणी 50 गुणांची असते, मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. ती 800 मीटरमध्ये मागे पडली आणि लेखी परीक्षेपर्यंत पोचलीच नाही. नंतर मी विचारलं, सराव कुठे केलास? म्हणाली, “गच्चीवर, मॅडम.” तीन महिने ती घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती गोल धावत होती. तिच्याबरोबर परीक्षा देणाऱ्या खेड्यातल्या मुली बांधावरून, माळावरून, घाटात धावून आलेल्या होत्या. निकाल तिथेच लागला होता.

तिच्या अब्बांना मी भेटले. ते वाईट गृहस्थ नाहीत. मुलीला पोलिसात पाठवायला तयार होते, हीच केवढी गोष्ट. त्यांचं म्हणणं, “मॅडम, लोग क्या बोलेंगे.” मी त्यांना हजरत आयेशांची हदीस सांगितली. अबू दाऊदमध्ये आहे. प्रवासात रसूलुल्लाह (स.) आणि त्या शर्यत धावल्या. पहिल्यांदा त्या पुढे गेल्या, नंतर कधीतरी त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा रसूलुल्लाह (स.) पुढे गेले आणि ही त्या हारीची परतफेड म्हणाले. ते ऐकून हसले. मग म्हणाले, “मगर वो ज़माना अलग था.” आपल्याकडे ही गंमत आहे, जिथे सोय असते तिथे तो जमाना आदर्श, आणि जिथे गैरसोय तिथे तो जमाना वेगळा.

फक्त आपल्या लोकांनाच दोष देऊन मी मोकळी होणार नाही. मागच्या पावसाळ्यात एका डोंगरावर दोन तरुणांनी आम्हाला थांबवलं. ओढणी बघून विचारलं, इथे काय करता, कुठून आलात, वर नमाज पढणार का. एकाने माझ्या स्कूटीच्या नंबराचा फोटो काढला. मी त्यांना मराठीत सांगितलं की धावतोय, आणि घड्याळातलं अंतर दाखवलं. त्यांनी जायला सांगितलं नाही, पण ते हललेही नाहीत. आम्ही त्या दिवशी अर्ध्यातून परत आलो. त्यानंतर तीन आठवडे गेलो नाही. घरी कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर “हम तो पहले ही बोले थे” ऐकावं लागलं असतं. एक जण मला म्हणतो बाहेर जाऊ नकोस, दुसरा म्हणतो इथे येऊ नकोस. दोघांचं ऐकलं तर माझ्या वाट्याला गच्चीच उरते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. संख्येने जा. दोघी असलो की चौकशी होते, बारा जणी असलो की लोक बाजूला होऊन वाट देतात, हे आम्ही अनुभवलं आहे. चाळिशीच्या पुढच्या दोन-तीन बायका बरोबर असल्या की घरचे मुलींना सोडतात. आपल्या जमाती शादीखाना बांधायला लाखो रुपये जमवतात. रविवारी सकाळी एका जीपचं भाडं आणि मुलींना बरे बूट, एवढं त्यातून सहज निघेल. मी दोन ठिकाणी हे बोलले. एका ठिकाणी “बघू” म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी, आधी मुलांसाठी करू, मग मुलींचं बघू. मुलं आधीच धावताहेत, त्यांना जीप नको आहे.

त्यामुळे सध्या आम्ही वर्गणी काढून जातो, माणशी शंभर रुपये. सहा मुली आहेत, त्यातल्या तिघी पुढच्या भरतीची तयारी करताहेत. गच्चीवर धावणारी ती मुलगीही येते आहे, तिचे अब्बा तिला स्वतः जीपपर्यंत सोडतात, मात्र गल्लीच्या तोंडाशी न थांबता जरा पुढच्या चौकात. मागच्या रविवारी शाह डोंगराच्या शेवटच्या वळणावर तिने मला मागे टाकलं. मागे वळून पाहिलं आणि थांबली. मी ओरडले, थांबू नकोस.

येत्या रविवारी डोंगरगणला जाणार आहोत. साडेसहाला निघायचं, पाणी आणि खजूर आपापले. जीपमध्ये दोन जागा आहेत. खालांनाही विचारलंय, त्या म्हणाल्या, खाली ओढ्यावर बसून राहीन.