चीनांशुकापासून चायनीज भेळेपर्यंत

अन्नाविषयीं आपल्या समाजाइतका बारीक विचार दुसऱ्या कोणीं क्वचितच केला असेल. काय खावें, कोणाच्या हातचें खावें, केव्हां खावें, कोठें बसून खावें, यासंबंधीं आपल्या ग्रंथांत पानेंच्या पानें भरलेलीं आहेत. इतकें असूनहि घरांतील तरुण मुलगा संध्याकाळीं 'जरा जाऊन येतों' म्हणून बाहेर पडतो आणि कोपऱ्यावरील तांबड्या गाड्यापाशीं उभ्यानें चायनीज भेळ खाऊन परत येतो, तेव्हां त्याला काय सांगावें हें वडीलधाऱ्यांस सुचत नाहीं. रागावतां येतें, पण रागावणें म्हणजे विचार करणें नव्हे.

मागील महिन्यांत दारव्ह्याकडील एका भगिनींचें पत्र आलें. त्यांचा मुलगा पुण्यास नोकरीस आहे. खोलींत चूल नाहीं, खानावळ लवकर बंद होते, म्हणून आठवड्यांतून चार रात्रीं त्याचें जेवण चिनी गाड्यावर होतें. हें त्यानें सरळपणानें घरीं सांगितलें, आणि तेव्हांपासून तो आला म्हणजे आजीबाई त्याचें पान पंक्तींतून काढून निराळें मांडूं लागल्या. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मात्र गेल्या दोन सणांस तो आलाच नाहीं. 'सासूबाईंचें मन मोडवत नाहीं आणि मुलगाहि तोडवत नाहीं, काय करावें?' असें त्या विचारतात.

पत्र लहान, पण प्रश्न मोठा आहे. त्याचें उत्तर आजीबाईंस पटेल अशाच भाषेंत द्यावयास पाहिजे. श्रीरामानुजाचार्यांनीं आहारशुद्धीचा विचार करतांना अन्नाचे तीन दोष सांगितले आहेत. पदार्थच मुळांत वाईट असेल तर तो जातिदोष. तो ज्याच्याकडून आला तो वाईट असेल तर आश्रयदोष. आणि केस, माती, घाण अशा बाहेरच्या वस्तूचा त्यास संसर्ग झाला असेल तर निमित्तदोष. गाड्यावरील बशीला हीच कसोटी लावून पाहूं.

प्रथम जातिदोष. गेल्या हिवाळ्यांत मुंबईस चिरंजीवांकडे महिनाभर राहणें झालें, तेव्हां नातवानें आम्हांस तीन ठिकाणीं नेलें. कुलाब्याकडील एका उपाहारगृहांत काड्यांनीं खाण्याचा प्रयोग झाला. दोन घास काड्यांनीं घेतले, बाकीचे चमच्यानें. दादर स्टेशनाजवळच्या गाड्यावर कढईखालीं असा जाळ फुरफुरत होता कीं जणूं लोहाराचा भाताच चालला आहे. चिरलेला कोबी, गाजर, ढोबळी मिरची आणि कांद्याची पात दोन मिनिटें उलथीपालथी झालीं, त्यांत उकडलेल्या नूडल्स पडल्या आणि बशी पुढें आली. भाजी शिजलेली, तरी दातांखालीं कुरकुरणारी. आपण कोबी झांकण ठेवून इतका वाफवतों कीं त्याला स्वतःचा आवाज उरत नाहीं. या बाबतींत त्या गाडीवाल्यापासून शिकण्यासारखें आहे. तिसऱ्या ठिकाणीं वाफाळलेले मोमो होते. हा मूळचा तिबेट व नेपाळकडील पदार्थ. आंत कोबी, बाहेर मैद्याची पातळ पारी, वर मुरडलेल्या चुण्या. पाहतांच आम्ही म्हणालों, 'अरे, हा तर गूळखोबरें विसरलेला मोदक!'

विनोद सोडला तरी गोष्ट खरी आहे. वाफेवर उकडणें आपल्याला नवें नाहीं. नूडल्स नव्या नाहींत. वैशाखांत आपल्या वऱ्हाडांतल्या गच्चींवर शेवया वाळतात, आणि आमरसाबरोबर सरगुंडे खाणाऱ्यास पिठाच्या दोऱ्यांचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. मुंबईस स्प्रिंग रोल म्हणून जें पुढें येतें तें आपल्या सांबाराच्या पुडाच्या वडीचें दूरचें भावंड आहे.

'पण तें परदेशी' असें कोणी म्हणेल. मग एकादशीचें पान पाहूं. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. हीं चारहि पिकें मूळचीं अमेरिकेंतलीं. पोर्तुगीजांनीं समुद्र ओलांडल्यावर तीं आपल्याकडे आलीं. साबुदाण्याचें नांव तर मलाया देशांतील 'सागू' या झाडाच्या नांवावरून आलेलें आहे. जी खिचडी आपण देवापुढें ठेवतों, तिच्यांत मीठ व जिरें सोडल्यास जुन्या ऋषींच्या ओळखीचें फारसें कांहीं नाहीं. उलट चिनी वस्तूंची ओळख मात्र आपल्याला फार जुनी आहे. कालिदासाच्या शाकुंतलांत ध्वजासाठीं चीनांशुक आलें आहे. संस्कृत कोशांत चीनक नांवाचें बारीक धान्य आहे. सातव्या शतकांत आलेल्या ह्युएनत्संगानें नोंदवून ठेवलें आहे कीं, या देशांत पीच या फळास चीनानी आणि नाशपातीस चीनराजपुत्र म्हणतात. एका फळाला राजपुत्र म्हणून मांडीवर घेणारे आपले पूर्वज नूडल्सना भ्याले असते असें वाटत नाहीं.

शिवाय ही चायनीज भेळ चीनची आहे तरी किती? नातू म्हणाला, 'आजोबा, चीनला गेलात तर हिच्यासाठीं उपाशी राहाल.' त्याचें म्हणणें बरोबर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानींत, टाँग आच्यू नांवाचे चिनी गृहस्थ कलकत्त्याच्या दक्षिणेस बजबजजवळ येऊन राहिले व त्यांनीं तेथें साखरेचा कारखाना काढला. त्यांच्या नांवावरून त्या गांवास अजून अछिपूर म्हणतात. त्यांच्या मागून सुतार, चांभारकाम करणारे व दंतवैद्य आले. त्यांतील हक्का लोकांचें नांव आज आपण नूडल्सना लावतों. मुंबईंत माझगांव भागांत चिन्यांची वस्ती झाली. १९१९ सालीं त्यांनीं बांधलेलें देऊळ तेथें अद्याप उभें आहे. पुढें १९७३ सालीं ताजमहाल हॉटेलांत गोल्डन ड्रॅगन हें उपाहारगृह निघालें आणि सिचुआन प्रांताचें तिखट जेवण मुंबईच्या श्रीमंतांस ठाऊक झालें. 'शेजवान' हें त्या सिचुआनचेंच रूप. तेथील पाककृतींत जिभेला मुंग्या आणणारें एक फळ वापरतात. तें आपल्या कोंकणांतील तिरफळाच्या कुळांतलें आहे. गाड्यावरच्या शेजवान चटणींत तें बहुधा नसतें. तेथें लाल मिरची आणि लसूण यांचें राज्य.

१९७५ सालीं तर मौजच झाली. कलकत्त्यांत जन्मलेले नेल्सन वाँग हे मुंबईच्या क्रिकेट क्लबांत स्वयंपाक पाहत होते. कोणा गिऱ्हाइकानें कांहीं नवें मागितलें. त्यांनीं आलें, लसूण आणि हिरवी मिरची हें आपल्याकडील नित्याचें वाटण घेतलें, गरम मसाल्याऐवजीं सोया सॉस घातला, मक्याच्या पिठानें रस्सा दाट केला आणि त्यांत कोंबडी सोडली. हकीकत त्यांनीं स्वतःच सांगितलेली आहे. त्याचें नांव झालें मांचुरियन. मांचुरियांत असा पदार्थ नाहीं. पुढें कोंबडीच्या जागीं फुलकोबी आली आणि ती आपल्या यवतमाळ, पुसद, वणीपर्यंत येऊन पोंचली. म्हणजे हें पोर बाप चिनी असलें तरी आजोळीं वाढलेलें आहे. जातिदोष टिकत नाहीं.

आतां आश्रयदोष. येथें सांभाळून बोलावें लागेल, कारण आजीबाईंच्या मनांतील खरी अढी येथें आहे. गाड्यावर कोण शिजवतो, त्याची जात कोणती, हें ठाऊक नाहीं, म्हणून पान वेगळें. आमच्या मतें या दोषाचा अर्थ आपण शतकानुशतकें चुकीच्या दाराशीं शोधला. अन्न देणारा कोणत्या कुळांत जन्मला हें न पाहतां तो कसा वागतो हें पाहिलें पाहिजे. त्या दादरच्या गाड्यावर जाळापुढें उभा असलेला मुलगा नेपाळचा होता, एकोणीसवीस वर्षांचा. आपल्याच जिल्ह्यांतील कितीएक मुलें, कोरडवाहू शेतीनें दगा दिला म्हणून, अशाच जाळापुढें मोठ्या शहरांत उभीं आहेत. त्यांच्या हातचें घेणाऱ्यास दोष लागतो असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

आणखी एक गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांत क्वचितच बोलली जाते. १९६२ च्या युद्धानंतर या देशांत जन्मलेल्या, येथेंच दुकानें चालविणाऱ्या सुमारें तीन हजार चिनी वंशाच्या लोकांस उचलून राजस्थानांतील देवळी येथील छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांत म्हातारे होते, तान्हीं मुलें होतीं. कांहीं वर्षांनीं सुटून आल्यावर अनेकांस आपलीं घरें व धंदे परत मिळाले नाहींत. पुष्कळ कुटुंबें देश सोडून गेलीं. ज्यांनीं आपल्याला हें अन्न दिलें त्यांना आपण परकें ठरविलें आणि त्यांचें अन्न मात्र ठेवून घेतलें. आश्रयदोष असलाच तर तो खाऊं घालणाऱ्याकडे नाहीं, खाणाऱ्याकडे आहे.

राहिला निमित्तदोष, आणि येथें मात्र आजीबाईंची शंका रास्त आहे. मांचुरियनचा तो भडक तांबडा रंग मिरचीचा नसतो. २०२४ च्या मार्च महिन्यांत कर्नाटक सरकारनें गोबी मांचुरियनमध्यें कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली; तपासणींत कापड रंगविण्याचा ऱ्होडामिन-बी हा रंगसुद्धां सांपडला होता. त्याच वर्षाच्या आरंभीं गोव्यांत म्हापशाच्या नगरपालिकेनेंहि, अस्वच्छता व रंग यांमुळें, या पदार्थाच्या गाड्यांविरुद्ध ठराव केला. दुसरें, तेंच तेल पुनःपुन्हां तापविणें. तिसरें, मीठ. मोठा चमचाभर सोया सॉसांत सुमारें २ ग्रॅम मीठ असतें, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठीं ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें असें सांगते. दोन चमच्यांतच दिवसाचा बहुतेक शिधा संपला.

अजिनोमोटोची भीति मात्र थोडी अवास्तव आहे. १९०८ सालीं तोक्योचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं कोंबू या समुद्रवनस्पतीच्या काढ्यांतून ही रुचि वेगळी केली व तिला उमामि म्हटलें. पिकल्या टोमॅटोंतहि तीच असते. बेताच्या प्रमाणांत तिनें अपाय होतो असें प्रयोगांत ठामपणें दिसलेलें नाहीं. वर्षाच्या आंतील बालकांस मात्र ती देऊं नये. शाकाहारी कुटुंबांनीं याहून अधिक जपावें तें दुसऱ्याच गोष्टीस. ऑयस्टर सॉस हा कालवांचा असतो. थाई पदार्थांत माशांचा सॉस पडतो. जपानी रश्श्याच्या पाण्यांत बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. नूडल्समध्यें अंडें असूं शकतें. 'भाजीचें आहे ना?' एवढें विचारून भागत नाहीं; 'त्यांत कोणता सॉस आहे?' असें विचारावें.

तेव्हां दारव्ह्याच्या भगिनींस आमचें सांगणें असें. मुलाचें पान पंक्तींत परत मांडावें आणि आजीबाईंनीं मांडावें. त्याला न खाण्याची शपथ घालूं नये. निवडून खाण्याची रीत शिकवावी. डोळ्यांदेखत ताजें शिजवून देणारा गाडा पाहावा, भडक रंगाचा पदार्थ टाळावा, तळलेल्यापेक्षां परतलेलें किंवा वाफवलेलें घ्यावें. आणि तो घरीं आला म्हणजे एका संध्याकाळीं त्याच्याच हातून सर्वांसाठीं नूडल्स कराव्या. रंगाला भिवापुरी मिरची पुरेशी आहे. ती भिजवून लसूण, आलें व थोडें व्हिनेगर घालून वाटली कीं तेलांत परतून चटणी होते. चातुर्मासांत लसूण वर्ज्य असेल तर आलें वाढवावें.

शेवटीं आपल्या शेताकडे पाहावें. सोया सॉस म्हणजे उकडलेलें सोयाबीन आणि भाजलेले गहूं यांना बुरशीचें विरजण लावून मिठाच्या पाण्यांत महिनोन्‌महिने मुरविलेला अर्क. चीनमधील हें कडधान्य कपाशीच्या जोडीनें आज यवतमाळ जिल्ह्याच्या शिवारांत दूरवर पसरलें आहे. दाण्यांत शेंकडा चाळीसच्या आसपास प्रथिनें, वीसच्या आसपास तेल. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सरकारनें त्याचा आधारभाव क्विंटलास ५,३२८ रुपये ठरविला. बाजारांत तो पुष्कळदां हातीं पडत नाहीं. आपण दाणे पोत्यांनीं विकतों, त्यांतील तेल कारखान्यांत निघतें, पेंड कोंबड्यांस जाते, आणि आपल्या घरीं त्याचा काळा थेंब तेवढा शहराच्या बाटलींतून येतो. पिकविणाऱ्याच्या घरच्या मुलांना त्यांतलें प्रथिन क्वचितच मिळतें. रात्रभर भिजवून, तें पाणी टाकून, मऊ शिजविलेले मूठभर दाणे उसळींत किंवा थालीपिठांत घालून पाहावे. कच्चे मात्र खाऊं नयेत, पचत नाहींत. जें धान्य आपल्या बांधावर आपलें झालें आहे, तें आपल्या चुलीवर परकें राहण्याचें कारण नाहीं.