नव्या हंगामाचे भाकीत आणि विदर्भ

आश्विनातले ऊन पडू लागले की रणजी करंडक स्पर्धेचे वेध लागतात आणि त्याबरोबरच भाकितांचाही हंगाम सुरू होतो. करंडक यंदा कोणाकडे जाणार, हा प्रश्न वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर ज्या गांभीर्याने चर्चिला जातो, त्याच गांभीर्याने तो सीताबर्डीवरील चहाच्या टपरीवर, शाळांच्या शिक्षक-खोल्यांत आणि सिव्हिल लाइन्समधील कचेऱ्यांत मधल्या सुट्टीत चर्चिला जातो. निरुपद्रवी करमणूक म्हणून ही चर्चा सोडून देता आली असती. परंतु नागपूरच्या बाबतीत तसे करता येत नाही. ज्या संघाचे नाव कोणत्याही भाकितात येत नसे, तो संघ सात वर्षांत तीन वेळा विजेता ठरला. मग भाकिते कोणत्या आधारावर केली जातात आणि ती चुकतात तेव्हा नेमके काय चुकते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

एके काळी रणजी करंडकाच्या भाकितासाठी कोणतीही विद्वत्ता लागत नसे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईने हा करंडक आपल्याकडे राखला. त्या काळात ‘मुंबई’ एवढा एक शब्द उच्चारणारा मनुष्य दरवर्षी ज्योतिषी ठरत होता. विदर्भाचा संघ या स्पर्धेत उतरला तो १९५७-५८ मध्ये, म्हणजे मुंबईच्या या अखंड विजययात्रेच्या अगदी उंबरठ्यावर. त्याच्याविषयीचे भाकीतही तितकेच सोपे होते: मध्य विभागाचे साखळी सामने खेळावयाचे आणि परत यावयाचे. नोकऱ्या, सिंचन आणि रस्ते यांच्या अनुशेषाची भाषा विदर्भाच्या परिचयाची आहे. क्रिकेटमधील अनुशेष मात्र कोणी मोजला नाही. तो गृहीतच धरला गेला.

या गृहीताला पहिला जबर धक्का बसला तो २०१७-१८ च्या हंगामात. फैज फजलच्या नेतृत्वाखालील संघाने सुरतेस केरळचा ४१२ धावांनी पराभव केला, तोवर जाणकारांनी त्याची नोंद कौतुकाच्या सुरात घेतली, इतकेच. पुढे कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकास विजयासाठी अवघ्या १९८ धावा हव्या होत्या. कर्नाटकाचा डाव १९२ वर संपला. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ६८ धावांत सात आणि सामन्यात एकूण बारा गडी बाद केले. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याच गोलंदाजाने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक साधली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून प्रथमच विजेता ठरला. स्पर्धेत पदार्पण केल्यानंतर त्यासाठी साठ वर्षे जावी लागली होती.

ज्यांची भाकिते चुकतात, त्यांच्यापाशी अशा वेळी एक हुकमी शब्द असतो, तो म्हणजे योगायोग. परंतु पुढल्याच हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून करंडक राखला. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने अकरा गडी टिपले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून केवळ एक धाव करू दिली. एक वर्ष योगायोगाच्या खाती टाकता येते. दुसऱ्या वर्षी मात्र कारणेच शोधावी लागतात.

ही कारणे फार खोल दडलेली नव्हती. भाकीत करणाऱ्यांची नजर दोन गोष्टींवर खिळलेली असते: गतवर्षीचा गुणतक्ता आणि संघातील प्रसिद्ध नावे. या दोन्ही गोष्टी काल काय होते ते सांगतात, उद्या काय येऊ घातले आहे ते सांगत नाहीत. उद्याची चाहूल कुमारांच्या मैदानावर लागते. विदर्भाच्या वरिष्ठ संघाने पहिला रणजी करंडक जिंकला, त्याच २०१७-१८ च्या हंगामात त्याच्या एकोणीस वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक जिंकला आणि अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने त्रिशतक झळकावले. विदर्भ क्रिकेट संघटनेने जामठ्यास मैदान उभारले, मुलांसाठी अकादमी काढली आणि त्यांना वर्षभर शिक्षण मिळेल अशी व्यवस्था केली. तिची फळे एका हंगामात दिसणारी नव्हती, म्हणूनच ती हंगामी भाकितांत उमटली नाहीत.

दुसरे कारण मार्गदर्शकाचे. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई २०१६ मध्ये, विदर्भ २०१८ आणि २०१९ मध्ये, तर मध्य प्रदेश २०२२ मध्ये विजेता ठरला. खेळाडूंच्या नावांपेक्षा पंडितांचा मुक्काम कोठे आहे एवढेच ज्याने पाहिले असते, त्याचे भाकीत अनेक पंडितांहून सरस ठरले असते! तिसरे कारण बाहेरून आलेल्या व्यावसायिक खेळाडूंचे. मुंबईचा वासिम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश यांनी विदर्भासाठी केवळ धावा केल्या नाहीत, तर तासन् तास खेळपट्टीवर उभे कसे राहावयाचे, हेही सोबतच्या तरुणांना दाखविले. चाळिशीतल्या जाफरने २०१८-१९ मध्ये १,०३७ धावा काढल्या. पाहुण्याने घर सजवावे, पण ते बांधण्याचे काम घरच्यांनीच करावयाचे असते. विदर्भात ते तसे झाले, हेच त्या यशाचे मर्म होय.

फसगत विदर्भाच्याच बाबतीत झाली असे नव्हे. २०१०-११ मध्ये राजस्थान खालच्या गटातून खेळत होते. त्याने हैदराबादला २१ धावांत गुंडाळून हंगामाचा प्रारंभ केला आणि शेवटी करंडकच जिंकला. २०१५-१६ ते २०२४-२५ या काळात नऊ वेळा ही स्पर्धा झाली. २०२०-२१ मध्ये महासाथीमुळे ती होऊ शकली नाही. या नऊ वेळांत मुंबई, गुजरात, विदर्भ, सौराष्ट्र आणि मध्य प्रदेश असे पाच निरनिराळे संघ विजेते ठरले आणि त्यांपैकी मुंबई वगळता चौघांनी आपापल्या नावाने हा करंडक प्रथमच उंचावला. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे आणि श्रेयस अय्यर असे फलंदाज असलेल्या मुंबईस तिच्याच मैदानावर जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून हरविले. नावांची बेरीज म्हणजे सामर्थ्य नव्हे, याचा याहून ढळढळीत पुरावा हवा कशाला?

स्पर्धेची रचनाही भाकिताला प्रतिकूल असते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलशी तुलना केल्यास हे स्पष्ट होईल. तेथे प्रत्येक संघ सामान्यतः ८२ साखळी सामने खेळतो आणि बाद फेरीतील प्रत्येक टप्पा सातांपैकी चार सामने जिंकणाऱ्याचा असतो. एखाद्या वाईट दिवसामुळे बलवान संघ बाहेर पडू नये, अशी ही व्यवस्था आहे. भाकीत करणाऱ्याला याहून भक्कम आधार तो कोणता हवा? तरीही २०१९ पासून २०२५ पर्यंतच्या सात हंगामांत तेथे सात वेगवेगळे संघ विजेते ठरले. रणजी स्पर्धेत तर सात साखळी सामने आणि पुढे उपउपांत्य, उपांत्य व अंतिम असे तीन सामने, एवढ्यावर वर्षाचा निकाल लागतो. नाणेफेक, खेळपट्टीचा ओलावा, सकाळचे एक सत्र यांपैकी काहीही निर्णायक ठरू शकते. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो. कलकत्त्यास विदर्भ पाच धावांनी तरला. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीने त्याला करंडक मिळवून दिला. पाच धावा म्हणजे बॅटीची कड घेऊन सीमापार गेलेला एक चेंडू आणि वर एक चोरटी धाव. एवढ्या अंतरावर ज्याचा निकाल झुलतो, त्याचे भाकीत छातीठोकपणे करणे हे ज्ञानापेक्षा धाडसाचे लक्षण अधिक.

मग नव्या हंगामाविषयी काहीच बोलू नये काय? तसेही नव्हे. विजेत्याचे नाव सांगता आले नाही, तरी कोणत्या संघाची पूर्वतयारी कितपत आहे हे सांगता येते, आणि त्या दृष्टीने विदर्भाची बाजू निःसंशय जमेची आहे. २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेने ६९ गडी बाद करून एका हंगामातील बळींचा नवा विक्रम केला. यश राठोडने ९६० धावा काढल्या. पहिलाच हंगाम खेळणाऱ्या दानिश मालेवारने अंतिम सामन्यात, तीन गडी २४ धावांत परतले असताना, १५३ धावांची खेळी केली. हे तिघेही बाहेरून आलेले नव्हेत, विदर्भाच्या पाठशाळेतले आहेत. असा संघ बाद फेरीच्या हिशेबातून सहसा वगळता येणार नाही.

परंतु उधारीची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडावयास हवी. पहिली बाब म्हणजे खेळाडूंचे स्थलांतर. २०१९ च्या विजयाचा शिल्पकार सरवटे २०२४-२५ मध्ये केरळकडून खेळला आणि अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्धच त्याने ७९ धावा केल्या. त्या हंगामात विदर्भाला ८६३ धावा देणारा करुण नायर पुढे कर्नाटकास परतला आणि यष्टिरक्षक जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. व्यावसायिक युगात याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. पण रिकाम्या झालेल्या जागा मोठ्या नावांनी भरावयाच्या की घरच्या मुलांनी, हा निर्णय भाकितापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

दुसरी बाब घरच्या मैदानाची. २०१७-१८ चे बाद फेरीतील तिन्ही सामने विदर्भाने सुरत, कलकत्ता आणि इंदूर अशा परक्या मैदानांवर जिंकले होते. २०२४-२५ चे तिन्ही सामने मात्र नागपुरात झाले. त्याआधीच्या हंगामात उपउपांत्य आणि उपांत्य सामना नागपुरात जिंकून संघ मुंबईस गेला, तेथे पहिल्या डावात १०५ धावांत कोसळला आणि अखेर १६९ धावांनी हरला. जामठ्याची माती ओळखीची आहे, परक्या मातीवर काय होते यावरच यापुढे खरे मूल्यमापन व्हावयाचे आहे. तिसरी बाब म्हणजे हंगामाचे विभाजन. मधल्या काळात मर्यादित षटकांच्या स्पर्धा होतात आणि चार-चार दिवसांच्या सामन्यांचा सराव तुटतो. वीस षटकांच्या खेळातील द्रव्याचे आकर्षण असताना दिवसभर टिकून राहण्याची चिकाटी तरुणांत कशी टिकवावयाची, ही चिंता एकट्या विदर्भाची नाही, परंतु ज्या संघाचे यश या चिकाटीवरच उभे आहे, त्याला ती अधिक भेडसावेल.

भाकिताच्या नादाचे आणखी एक अंग आहे. अंदाज बांधण्याच्या या सहज प्रवृत्तीवर मोबाइलमधील पैशांच्या खेळांनी मोठा व्यापार उभारला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, तो उगाच नव्हे. ज्या स्पर्धेत पाच धावांवर भवितव्य ठरते, तेथे तर्काला बुद्धीचा व्यायाम म्हणूनच स्थान आहे. त्यावर कारकुनाचा पगार अथवा विद्यार्थ्याच्या शुल्काचे पैसे लागू लागले, की त्या व्यायामाचे व्यसन होते.

तात्पर्य, नव्या हंगामाचे भाकीत करावयाचेच असेल, तर पहिल्या चार-पाच संघांत विदर्भाचे नाव घालावे आणि तेथेच थांबावे. त्यापुढचा प्रश्न संघटनेने आणि विदर्भातील क्रीडारसिकांनी स्वतःस विचारावयाचा आहे. वलनीच्या कोळसाखाणीत राबणाऱ्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. तो सापडला, कारण त्याच्या वेगाकडे वेळीच कोणाचे तरी लक्ष गेले. अकोल्याने तायडे दिला. गडचिरोली, वाशीम, बुलडाणा येथे असाच एखादा मुलगा आज टेनिसच्या चेंडूने शेतातल्या खेळपट्टीवर गोलंदाजी करीत असेल, तर त्याच्याकडे पाहणारे कोणी आहे काय? मुंबईने दुर्लक्ष केल्याची तक्रार विदर्भाने अनेक वर्षे केली, आणि ती निराधार नव्हती. नागपूरने आपल्या दूरच्या जिल्ह्यांविषयी तीच तक्रार ऐकून घेण्याची पाळी स्वतःवर येऊ देऊ नये.

साठ वर्षे विदर्भाची गणना कोणत्याही भाकितात झाली नाही, तरीही त्याचे काही बिघडले नाही, कारण त्या काळाच्या उत्तरार्धात मैदाने तयार होत होती आणि मुले घडत होती. आता प्रत्येक भाकितात त्याचे नाव येईल. अशा वेळी मैदाने ओस पडली आणि केवळ करंडकांची कपाटे भरली, तर मात्र पुष्कळ काही बिघडेल. पुढल्या दहा हंगामांचे भाकीत जामठ्याच्या प्रेक्षागृहात बसून करता येणार नाही. त्यासाठी तालुक्याच्या गावी, शाळा सुटल्यावर मैदानावर किती मुले उतरतात, हेच मोजावे लागेल.