कमोडमागचा खण आणि त्याचा पाया

गेल्या मार्गशीर्षात आमच्या वसईच्या सदनिकेतील न्हाणीघराचे काम काढले, तेव्हा चिरंजीवांचा आग्रह एकच होता : कमोडची टाकी दिसता कामा नये. टाकी खणाच्या आत, त्याच रेषेत पुढे बेसिनखालचे कपाट आणि वरून एकसलग ग्रॅनाइटची पट्टी. काम खरोखर देखणे झाले. श्रावणात एके सकाळी खालच्या मजल्यावरील भाभी वर आल्या आणि म्हणाल्या, "भाई, आमच्या छताला ओल धरली आहे." आमची फरशी तर कोरडी होती. अखेर खणाची फळी उचकटली. टाकीला येणाऱ्या नळीच्या जोडातून थेंब थेंब गळत होते, आणि प्लायचा तळ भिजून त्याचे पदर सुटले होते.

चौतीस वर्षे बँकेत तारणे तपासण्यात गेली. डोळ्यांआड असलेल्या मालावर कर्ज देताना आम्ही गोदामाच्या खेपा घालीत असू. स्वतःच्या घरात मात्र खण बंद होण्यापूर्वी मी एकदाही आत डोकावलो नाही. त्यानंतर जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो, कारण वसई-विरार परिसरात सध्या जुन्या घरांची अशी कामे पुष्कळ निघत आहेत.

पहिली गोष्ट भाराची. भिंतीवर टांगलेला कमोड असेल, तर बसणाऱ्याचे वजन लाकडी खणावर कदापि येता कामा नये. ते आतील लोखंडी चौकटीवर येते, आणि ती चौकट पक्क्या जमिनीला व मागच्या भिंतीला बोल्टने आवळलेली असते. चांगल्या चौकटी ४०० किलोपर्यंतच्या भारासाठी बनवलेल्या असतात. पण पोकळ विटेची पातळ भिंत किंवा फरशीखालचा भुसभुशीत कोबा असेल, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. भांड्याच्या बोल्टांमधील अंतर १८० किंवा २३० मिलिमीटर असते. चौकट आणि भांडे वेगवेगळ्या दुकानांतून घेणाऱ्यांनी ते आधी जुळवून पाहावे. भांड्याच्या लगेच मागे प्लाय न लावता सिमेंट बोर्ड किंवा विटांचे बांधकाम करून वर टाइल लावावी. जमिनीवर टेकणारा कमोड असेल, तर भार जमिनीवरच जातो आणि खणाचे काम केवळ टाकी झाकण्याचे उरते. मर्यादित खर्चात हा पर्याय मला अधिक शहाणपणाचा वाटतो, जरी चिरंजीवांना तो पटला नाही.

आता मुख्य विषय, खणाच्या पायाचा. आमच्या सुताराने प्लायचे खोके थेट फरशीवर बसवले होते. जेटचे पाणी, फरशी धुतल्याचे पाणी, सारे त्याच्या कडेला लागत असे. शिवाय "वॉटरप्रूफ" म्हणून जो प्लाय आला, त्यावर बारीक अक्षरांत एम.आर. असे छापलेले होते. एम.आर. म्हणजे केवळ दमटपणा सोसणारा, साधा कमर्शियल प्लाय. मरीन प्लायवर आय.एस. ७१० चा शिक्का असतो आणि त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. शिक्का स्वतः पाहावा, पक्क्या बिलावर तो क्रमांक लिहून घ्यावा. आपण व्यापारी माणसे, दुकानात एवढी दक्षता घेतोच. एम.डी.एफ.चा तर न्हाणीघरात विचारही नको; एकदा फुगला की तो पूर्ववत होत नाही.

तथापि उत्तम प्लायसुद्धा जमिनीला टेकू नये. दुसऱ्या खेपेस आम्ही चार इंचांचा पाया कडाप्प्याच्या पट्ट्यांवर घेतला, वर मरीन प्लायचे खोके ठेवले आणि सर्व कापलेल्या कडा, विशेषतः खालच्या, बंद करून घेतल्या. प्लास्टिकचे फिरते पायही चालतात आणि उतारावर पातळी जुळवायला ते सोपे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर लाकूड जमिनीपासून दूरच ठेवावे. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी कसे घराघरांत शिरले होते, ते कोणी विसरले नसेल.

जुन्या इमारतींत आणखी एक अडचण असते. तिथे मैल्याची वाट जमिनीतून खाली जाते, तर टांगलेल्या भांड्याची भिंतीकडे. मग चार इंची पाइपाला खणाच्या आत वळण द्यावे लागते. टाकी साधारण १२ सेंटिमीटर जाडीची, पातळ असल्यास ८. पण हे वळण, बोर्ड आणि टाइल धरून खण सहज २० सेंटिमीटर पुढे येतो. लहान न्हाणीघरात तेवढ्याने दार अडू शकते. जमिनीवर खडूने रेघ मारून, दार उघडून पाहावे आणि मगच बयाणा द्यावा.

आपल्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी बऱ्याच इमारतींत येते. त्यातील क्षार टाकीतील रबरी वॉशरवर बसतात आणि पाणी झिरपू लागते. बटणाच्या पट्टीमागील खिडकीतून आतील झडपा काढता येतात, ही सोय सुताराच्या फळीने वा ग्रॅनाइटने बुजवू नये. आमच्या खणाला आता बाजूने स्क्रूची फळी आहे. मी दर पौर्णिमेला ती काढून बॅटरीने आत पाहतो. सौ. यावर हसतात. पण अंधाऱ्या ओलाव्यात जीवोत्पत्ती होते, नंतर फवारणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या घरात कोणालाच नको असतो.

भांड्याची उंचीही टाइल लावण्यापूर्वीच ठरवावी लागते. कारागीर सवयीने सोळा इंचांवर बसवतात. मातोश्रींचे गुडघे पाहून आम्ही दुसऱ्या खेपेस अठरा इंच घेतली आणि शेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा ठोकला. आता त्या हाक न मारता एकट्या उठतात.

भाभींच्या छताचा रंग आमच्याच खर्चाने झाला. पावसाळा संपेपर्यंत मात्र थांबावे लागले.