परवाना होडीचा, गळ पाहुण्याचा

मंडळी, आम्ही धाराशिवकर, समुद्र आमच्यापासून पार लांब. तरी हा विषय डोक्यातून जाईना. आमच्याकडे धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने देतात. संस्था पैसे भरते, मत्स्यबीज सोडते. सीना-कोळेगावला गावच्या पोराने परस्पर जाळे टाकून बघावे!

आणि मालवणला भाड्याच्या होडीतून गळ टाकणारा पाहुणा? १९८१ चा सागरी मासेमारी कायदा परवाना मागतो तो नौकेचा. पाहुणा मोकळाच. जून-जुलैच्या बंदीत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात, तेव्हा चूल थंडावते ती मच्छीमाराची.

कुणी म्हणेल, मास्तर, हौशी माणसाच्या दोन माशांनी दर्या आटतो का? नाही आटत. पण हिमाचलात ट्राउटसाठी गळ टाकणारा हौशी माणूसच असतो, आणि तो परवाना काढतो. तिथले पर्यटन काही बुडाले नाही.

एका दिवसाची पन्नास रुपयांची चिठ्ठी ठेवा. लहान मासा परत सोडायचा, हे तिच्यावरच छापा. पैसे गावच्या मच्छीमार सोसायटीला द्या. चिठ्ठी मात्र होडीवरच मिळाली पाहिजे. त्यासाठी कचेरीत हेलपाटे घालायला लावाल, तर चिठ्ठीपेक्षा चिरीमिरीच महाग पडेल.