‘तुझी वही कुणाला दाखवू नकोस’



परवा दुसरीच्या वर्गात बेरजेचा सराव चालू होता. एक मुलगी वहीवर हात आडवा धरून बसली होती. शेजारच्या मुलाचं गणित अडलेलं, तो वाकून बघत होता. मी म्हटलं, "अगं, सांग की त्याला." ती म्हणाली, "नको सर. मम्मी म्हणते, तुझी वही कुणाला दाखवू नकोस. मग तो पुढं जातो."

मला तिला रागावता आलं नाही. कारण तिच्या चौपट वयाचा असताना मीही असाच हात आडवा धरून बसलो होतो.

तेव्हा मी कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत होतो. रात्री जागून, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पहिलीसाठी शब्दपट्ट्या तयार केल्या होत्या. मुलं त्यांवर छान वाचायला लागली. शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, आठ दिवस द्या ना, उतरवून घेते." मी म्हणालो, "अजून पूर्ण नाही झाल्या." चक्क खोटं बोललो. साहेबांची शाळाभेट जवळ आली होती. माझी वस्तू दुसऱ्याच्या वर्गात आधी दिसली तर?

महिनाभरानं शाळेची ऑनलाइन माहिती भरताना मी अडकलो. मुदतीचा शेवटचा दिवस, रेंज जातेय-येतेय. दोन-तीन जणांना फोन केले, कुणी उचलला नाही. शेवटी त्याच मॅडमना लावला. त्यांनी स्वयंपाक बाजूला ठेवून तासभर एकेक रकाना समजावून सांगितला. माझा फॉर्म त्यांनी भरून दिला नाही. मला भरायला शिकवला. पट्ट्यांचा विषयही काढला नाही. त्या रात्री मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पट्ट्या नेऊन दिल्या. पंधरा दिवसांनी परत आल्या, तेव्हा गठ्ठा जाड झाला होता. त्यांच्या वर्गात ऊसतोडणीला जाणाऱ्या घरांतली मुलं होती. त्यांच्यासाठी मॅडमनी कोयता, मोळी, कोपी, वाढं, बैलगाडी असे शब्द घातले होते. माझ्याही वर्गात तसा एक मुलगा होता. कमळ, गवत समोर ठेवलं की गप्प. ‘कोयता’ वाचून दाखवल्यावर मात्र ती पट्टी त्यानं हातातून सोडली नाही. चार दिवसांनी बाकीच्या पट्ट्याही तो मागून घ्यायला लागला. मी पट्ट्या कपाटात ठेवल्या असत्या तर कोयता माझ्या वर्गात आलाच नसता.

आपला शिक्षकी पेशा तर अशा देण्यावरच उभा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आपल्या कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय त्याच रयतचं आहे. आपल्याकडून कुणी दागिने मागत नाही. चार पट्ट्या आणि तासभर वेळ, इतकंच मागणं असतं.

पण एक शंका खरी आहे. "सर, आपल्याकडे काम करणाऱ्यालाच काम लागतं." हेही मी पाहिलंय. नाही म्हणता येत नाही म्हणून सगळ्या केंद्राची टपाल आणि ऑनलाइन माहिती एकाच गुरुजींच्या गळ्यात पडते. त्यांचा स्वतःचा वर्ग मागं राहतो आणि चेहऱ्यावरचं हसू जातं. अमेरिकेतले प्राध्यापक अ‍ॅडम ग्रँट यांनी 2013 मध्ये आलेल्या ‘गिव्ह अँड टेक’ या पुस्तकात नेमकं हेच मांडलंय. अभियंते, वैद्यकीय विद्यार्थी, विक्रेते अशा गटांत यशाच्या यादीत अगदी तळाला देणारी माणसं सापडली, आणि अगदी वरही देणारीच! वरची माणसं दुसऱ्याला मदत करतात, पण स्वतःचं काम आणि वेळ सांभाळून.

म्हणून मला वाटतं, दुसऱ्याचं काम उरकून देणं म्हणजे औदार्य नाही. त्याला ते येईल असं करणं हे औदार्य. मॅडमनी माझ्या बाबतीत तेच केलं. आणि मैत्रीही तिथूनच झाली. वाढदिवसाच्या केकमधून नाही.

आनंदाचं म्हणाल, तर हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास 1938 पासून चालू आहे. 724 जणांपासून सुरू झालेल्या या अभ्यासातून पुन्हा पुन्हा पुढं आलं ते हेच, की जवळची चांगली नाती माणसाला सुखी आणि निरोगी ठेवतात. वस्तीवरच्या शाळेत दुसरं कोण असतं आपल्याला? समोरच्या वर्गातला सहकारी आणि केंद्रातली चार माणसं. त्यांच्याशीच बदलीच्या यादीवरून नि श्रेयावरून धुसफूस ठेवली, तर शाळेत जावंसं तरी कसं वाटणार?

पालकहो, मुलं हे घरातूनच शिकतात. "तुझा नंबर कितवा?" असं रोज विचारतो, तसं कधीतरी "आज कुणाला काय समजावून सांगितलंस?" असंही विचारून बघा.

आणि हो, त्या मुलीचं राहिलंच. मी तिला म्हटलं, "उत्तर दाखवू नकोस, रीत सांग." तिनं नाइलाजानं हात काढला आणि सांगायला लागली, "आठ आणि सात पंधरा, पाच लिहायचे, हातचा एक..." मग मध्येच थांबली, स्वतःच्या वहीत बघितलं आणि ओरडली, "अय्या सर, माझाच हातचा राहिला!"

त्या दिवशी दोघांचंही गणित बरोबर आलं.