दानाची चतुर्थी

गेल्या महिन्यांत आमचा थोरला पुतण्या एका संध्याकाळीं माझ्या खोलींत येऊन बसला आणि म्हणाला, "काका, येत्या वर्षीं आजोबांच्या जन्माला शंभर वर्षें पुरीं होतात. त्यांच्या नांवानें एखाद्या रुग्णालयाला देणगी द्यावी असें आम्हां भावंडांच्या मनांत आहे. तेथें संगमरवरी शिला बसवितील. तिच्यावरचा मजकूर तुम्हीं लिहून द्यावा. दोन ओळी संस्कृतांत असल्या तर शोभून दिसतील."

माझें सारें आयुष्य मुलांकडून विभक्ति घोकवून घेण्यांत गेलें. तेव्हां अशा कामाला मी नको कशाला म्हणेन? कागद पुढें ओढला आणि वडिलांचें नांव प्रथमेंत घालून वाक्य जुळवूं लागलों. कर्ता आला, कर्म आलें, क्रियापद तर 'दा' धातूचें ठरलेलेंच. तेथें लेखणी थांबली. माझ्या वाक्यांत चतुर्थी कोठेंच नव्हती. ज्याला द्यावयाचें तें संप्रदान, आणि संप्रदानाची चतुर्थी, हें मीं वर्गावर्गांतून तीस वर्षें शिकविलें. पण आमच्या घरच्या या दानांत घेणारा कोण आणि त्याला हवें काय, हें आम्हांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें. विचारून पाहावें असेंही कोणाच्या मनांत आलें नव्हतें.

या विचारांत असतांना गडचिरोलीच्या एका संस्थेचें काम मला आठवलें. तें आज वाचकांपुढें मांडतों.

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा काढून १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा झाला. अरण्य दाट, वस्ती विरळ, गोंड आणि माडिया लोकांची संख्या मोठी. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्यानें वैद्यकाचें शिक्षण नागपुरास आणि सार्वजनिक आरोग्याचें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत पुरें केलें, आणि १९८६ सालीं या जिल्ह्यांत 'सर्च' ही सेवाभावी संस्था स्थापिली. पुढें धानोऱ्याच्या वाटेवर तिचें 'शोधग्राम' वसलें.

रुग्णालय बांधतांना त्यांनीं आदिवासी लोकांनाच विचारलें कीं, दवाखाना कसा असावा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतींची आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची आम्हांला भीति वाटते. शिवाय रोग्याजवळ त्याच्या माणसांना राहूं देत नाहींत. म्हणून तेथील दवाखाना खेड्यांतल्या झोपड्यांसारख्या लहान लहान घरांचा झाला आणि रोग्याच्या आप्तांना तेथें राहण्याची मोकळीक मिळाली. नांव दिलें तेंही कोणा दात्याचें नव्हे. त्या लोकांच्या दंतेश्वरी देवीचें दिलें. माझ्या वाक्यांत जी चतुर्थी हरवली होती, ती मला येथें सांपडली.

न विचारल्यामुळें किती दुःख झांकलेलें राहतें, याचें एक उदाहरण याच संस्थेच्या कामांत आहे. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचा वृत्तांत १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. शंभरांपैकीं ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकीं एक तरी रोग होता. आणि अशा रोगासाठीं पूर्वीं कधींही तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. बाकीच्यांनीं सोसलें, कारण विचारणारें कोणी नव्हतें.

पण या संस्थेचें सर्वांत मोठें काम तान्ह्या मुलांविषयींचें आहे. १९९३ ते १९९८ या काळांत ३९ गांवें निवडून हा प्रयोग झाला. आरंभींच्या मोजणींत असें दिसलें कीं, जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं ६२ मुलें पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावतात. रुग्णालय दूर, आणि जवळ असतें तरी तितकें कोंवळें मूल घराबाहेर कोण काढणार? तेव्हां संस्थेनें उपचारच घरीं नेला. गांवांतील पांचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया निवडल्या, त्यांना शिकविलें आणि त्यांना 'आरोग्यदूत' असें नांव दिलें. वजनकाटा, तापमापक, तान्ह्याला ऊब देणारी पिशवी आणि जन्मतः न रडणाऱ्या बाळाच्या छातींत हवा भरण्याचें साधन घेऊन ही बाई बाळंतिणीच्या घरीं जाते. मूल झाल्यावर तें पुसून, गुंडाळून उबेंत ठेविते, आईचें पहिलें दूध पाजविते, महिनाभर ठराविक दिवशीं येऊन वजन आणि ताप लिहून ठेविते. रक्तांत जंतुदोष झाल्याचीं लक्षणें दिसलीं, तर आईबापांच्या संमतीनें शिकविल्याप्रमाणें औषध आणि सुईही देते.

तिसऱ्या वर्षीं त्या गांवांत हजारांमागें ६२ चे सुमारें २५ झाले. ज्या शेजारच्या गांवांत हें काम नव्हतें, तेथील आंकडा साठाच्या आसपासच राहिला. हा वृत्तांतही १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आला, आणि २०११ सालीं भारत सरकारनें तान्ह्यांच्या घरगुती काळजीचें काम देशभरच्या 'आशा' स्वयंसेविकांकडे सोंपविलें.

यांतील एक युक्ति मला शिक्षक म्हणून फार आवडते. लहान मुलाला न्युमोनिया झाला कीं श्वासाची गति वाढते. दोन महिन्यांवरचें तान्हें मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास घेऊं लागलें तर तें भयाचें लक्षण. पण ज्या सुइणींना पन्नासापर्यंत मोजतांच येत नाहीं, त्यांनीं काय करावें? त्यांच्यासाठीं मण्यांचें एक साधन केलें. एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ उलटें करावयाचें आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला तर औषध सुरू. विद्यार्थ्याला येत नाहीं म्हणून त्याला वर्गाबाहेर न बसवितां, त्याला जें येतें तेथून धडा सुरू करावा, हें मला नोकरी संपेपर्यंत पुरतें साधलें नाहीं.

आतां एक घरचीच गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

१९६७ सालच्या पौषांत माझी धाकटी बहीण आमच्या वाड्यांत बाळंतिणीच्या खोलींत जन्मली. मी तेव्हां आठ वर्षांचा होतों. आमचें घर शिकलेलें. वडिलांचीं पुस्तकें दोन कपाटें भरून होतीं आणि डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्यांपलीकडे होता. मूल जन्मतांच आजीनें रीतीप्रमाणें त्याला न्हाऊं घातलें. आईचा चीक काढून टाकला आणि मधाचें बोट चाटविलें. तिसऱ्या दिवसापासून तें नीट ओढीना. हातपाय गार लागत. आई म्हणे, डॉक्टरांना बोलवा. वडीलमाणसें म्हणत, दहा दिवस होऊं द्यात. सहाव्या रात्रीं सटवीची पूजा झाली. देवी येऊन बाळाचें भविष्य लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेविली. सकाळीं कागद कोराच होता, आणि बहीण गेली होती.

दोष कोणाला देऊं? आजीचें त्या नातीवर प्रेम नव्हतें असें म्हणणारा मूर्ख ठरेल. तिला तिच्या सासूनें शिकविलें तेंच तिनें केलें. घरांत प्रेम होतें, पैसा होता, ग्रंथही होते. एवढीच विद्या नव्हती कीं, तान्ह्याला लगेच न्हाऊं घालूं नये, आईच्या अंगाशीं उबेंत ठेवावें, चीक हेंच त्याचें पहिलें औषध म्हणून तासाभरांत पाजावा, आणि मूल ओढीनासें झालें, गार किंवा तापलेलें लागलें, निपचित पडलें अथवा त्याच्या बरगड्या आंत ओढल्या जाऊं लागल्या, तर तिथि-वार न पाहतां त्याच घटकेस डॉक्टर गांठावा. जी विद्या आमच्या कपाटांत नव्हती, ती आज गडचिरोलीच्या अरण्यांत सातवी शिकलेल्या बाईपाशीं आहे. तीही कागद-लेखणी घेऊनच बाळंतिणीच्या खोलींत शिरते, पण तिचा कागद कोरा राहत नाहीं. 'वैद्य' शब्दाच्या मुळाशीं विद्याच आहे. त्या अर्थानें तिला वैद्य म्हणण्यास माझी हरकत नाहीं.

रुग्णालयें नकोत, देणग्या नकोत, असा माझा अर्थ कोणीं घेऊं नये. त्या आरोग्यदूतांच्या मागेंही डॉक्टर आहेत, दवाखाना आहे आणि अनेकांचें द्रव्य आहे. म्हणणें इतकेंच कीं, जें दान घेणाऱ्याच्या हातांत विद्या होऊन उरतें, तें दात्याच्या पश्चात्‌ही चालू राहतें. आणि तसें दान घेणाऱ्याला विचारल्यावांचून देतां येत नाहीं.

पुतण्या मजकूर न्यावयास आला, तेव्हां मीं त्याला हें सर्व सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, तुमचें पटतें. पण विचारावयाचें तरी कोणाला?" मीं म्हटलें, "अरे, आपल्या वाड्यामागच्या वस्तींत आशाताई नेहमीं येते. तिच्यापासून आरंभ कर."

तो खरोखर गेला. मला वाटलें होतें, ती औषधें मागेल किंवा एखादें यंत्र मागेल. तिनें मागितली ती आमची ओसरी. पोरी ऐकतात, पण घरीं गेल्यावर सासवा ऐकूं देत नाहींत, असें ती म्हणाली. आठवड्यांतून एका दुपारीं सासू-सुना दोघींना बरोबर बसवितां येईल अशी जागा हवी, आणि वाड्याच्या ओसरीवर बोलावलें तर सासवा नक्की येतील. आमच्या वहिनींनीं तें ऐकतांच सतरंज्या काढून ठेविल्या. पहिल्या दुपारीं सात जणी आल्या. वहिनी स्वतः त्यांच्यांत बसल्या, आणि चीक पाजावयाचा कीं टाकावयाचा हा वाद तासभर चालला. बाळंतिणीची ती जुनी खोली त्या ओसरीला लागूनच आहे. आतां तिची कोठी झाली आहे.

पैसे कोठें आणि किती द्यावयाचे, तें मुलें आणखी चार ठिकाणीं विचारून ठरविणार आहेत. शिलेचा मजकूर अजून माझ्याकडून लिहून झालेला नाहीं, आणि पुतण्यानेंही तो पुन्हा मागितला नाहीं.